शेजारणीचा खांदा

जवळ ये बरं जरा. म्हणजे हा कागद जवळ घे आणि तो मोबाइल उलटा ठेव. लग्न होऊन पुण्याला गेलीस, मराठी वाचायला शिकलीस, आणि तीन महिन्यांनी या म्हातारीची आठवण काढलीस ती कशी? तर, "आंटी, हम टर्की जा रहे हैं, असली फोक डान्स कुठे बघायचा ते पटकन मेसेज करा." पटकन! गाझियाबादला माझ्या ओट्यावर बसून पोहे खाऊन मोठी झालेली मुलगी तू, असं विचारतात का? आणि पटकन सांगण्यासारखं ते नाहीच. त्यात तुझी आई आहे.

आम्ही गेलो ते आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटनंतर, टूरबरोबर. कार्यक्रमपत्रिकेत एका संध्याकाळी 'टर्किश नाइट' छापलेलं होतं. कॅपाडोकियाला डोंगर कोरून केलेलं एक हॉटेल. आत गोल मांडलेली टेबलं, मधे नाचायला फरशी. आधी एक बाई पोट हलवून नाचली, तेव्हा ह्यांनी मान खाली घालून सॅलडमधले ऑलिव्ह मोजले. मग सहा मुलं लाल जाकिटं घालून उड्या मारून गेली. मग माइकवाल्यानं विचारलं, कुठून आलात? आमचा टूर मॅनेजर ओरडला, "इंडिया!" झालं. लगेच हिंदी सिनेमातलं गाणं लागलं आणि आमची अख्खी बस उठून नाचायला लागली.

मी बसून राहिले. ह्यांना म्हटलं, "हे काही खरं नव्हे. मला खरं बघायचंय."

"तुला कसं गं कळतं खरं कुठलं ते?"

"खोटं कसं असतं ते मला ठाऊक आहे ना," मी म्हटलं. ह्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

ती गोष्ट आपल्या गाझियाबादची, टर्कीच्या कितीतरी आधीची. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. आपली सोसायटी नवी होती, लिफ्ट आली होती पण चालत नव्हती. घरोघर केबल टीव्ही आलेला, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना कोळीनृत्य बसवायची हौस आलेली. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राचं गेस्ट हाऊस आहे, तिथे परदेशी पाहुण्यांसमोर करायचं होतं. आम्ही आठजणी. त्यातली एकही कोळीण नाही. मी तर मासळीच्या वासानंसुद्धा नाक मुरडणारी. नाचायचं कसं हे कुणालाच येईना. तेव्हा समोरच्या दारातून तुझी आई आली. शाळेत पीटी शिकवायची ना ती. पंजाबी बाई, समुद्र कधी बघितला नव्हता. कॅसेट दोनदा ऐकली आणि म्हणाली, "चलो, लाइन बनाओ."

महिनाभर तिनं आम्हाला पिदडलं. मी डोक्यावर टोपली घेऊन लाकडासारखी उभी राहायची, तर ओरडायची, "बहनजी, कंधा! कंधा मर गया है क्या आपका?" आणि स्वतः खांदे असे उडवून दाखवायची की टोपलीतले प्लास्टिकचे मासे बाहेर. तो तिचा भांगडा होता, आम्हालाही कळत होतं. पण नाचात शोभून दिसायचा, म्हणून राहू दिला.

कार्यक्रम छान झाला. नंतर मागच्या खोलीत कुठल्याशा दूतावासातल्या एक बाई भेटायला आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, तो खांद्याचा भाग फार सुंदर होता, हे तुम्ही आईकडून शिकलात का?

मी म्हटलं, "येस. मदर."

माझी आई! सोलापूरला मी पाय आपटून चालले तरी लाटणं उगारायची. का म्हटलं, कोण जाणे. त्या बाईंना तेच ऐकायचं होतं, आणि मलाही ते म्हणताना बरं वाटलं. तुझी आई माझ्या मागेच उभी होती, माझ्या पदराच्या सेफ्टीपिना काढत. पिना तोंडात धरलेल्या, त्यामुळे बोलली नाही. परतताना व्हॅनमध्ये बोलली. "अच्छा जी! तो आपकी माताजी भी भंगड़ा करती थीं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यानंतर ती कधी तालमीला आली नाही. गुडघा दुखतोय म्हणायची. बोलणं होतं, वाटी-वाटी साखर होती, लोणच्याची बरणी जात-येत होती. तालीम तेवढी नाही. मग तुम्ही पानिपतला गेलात, तुझ्या बाबांच्या घरच्या हातमागाच्या धंद्यात. पानिपत काही लांब नाही, हायवेनं दोन तास. मी गेले नाही.

तर, टर्की. पुढचा मुक्काम कोन्याला होता. आमच्या गाइड मुलीला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारून विचारून हैराण केलं. शेवटी ती म्हणाली, माझी मावशी ज्या ग्रुपमध्ये जाते त्यांची आज तालीम आहे, चला. एका शाळेचा हॉल. ट्यूबलाइट, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या. दहा-बारा बायका, खाली घोळदार सलवारी, वर टीशर्ट, पायात लोकरी मोजे. दोन्ही हातांत दोन-दोन लाकडी चमचे, चमच्याच्या पाठीला चमच्याची पाठ लावून धरलेले. ते वाजवत फेर धरायच्या. आणि मधेच सगळ्यांचे खांदे थरथरले, अगदी तसेच! मला हसूच आलं.

थांबल्यावर मी गाइडच्या मावशीला विचारलं. औषधाच्या दुकानात काम करणारी बाई, घाम पुसत होती. "हे आईकडून शिकलात?"

ती खो खो हसली. आई? आई टीव्ही बघते. हे आमच्या मास्तरांनी शिकवलं. ते खांद्याचं तर आमच्याकडचं नाहीच, मास्तर काळ्या समुद्राकडचे, ते तिकडचं. आम्हाला आवडलं, घेतलं. मास्तर कोपऱ्यात टेपरेकॉर्डरपाशी उभे होते. तिनं बोट दाखवलं तशी त्यांनी मान लववली. एवढंच.

मग त्यांनी माझ्या हातात चमचे दिले. मी आपलं कोळीनृत्य केलं, जेवढं गुडघ्यांनी करू दिलं तेवढं. खांदे उडवले. बायकांनी टाळ्यांनी ताल धरला, आणि त्या मावशीनं मला तोच प्रश्न उलटा विचारला. आईकडून?

"नो," मी म्हटलं. "नेबर. पंजाबी नेबर."

गाइडनं सांगितलं, "कोम्शू." सगळ्या एकदम म्हणाल्या, "आऽऽ, कोम्शू!" शेजारीण म्हणजे काय ते त्यांना जास्त समजवावं लागलं नाही. तुर्की भाषेतला मला येणारा हा एकच शब्द. ह्यांना बसमध्ये सांगितलं तर म्हणाले, "कोन्यात सांगून काय उपयोग? सांगायचं होतं कोपर्निकस मार्गावर." बरोबरच आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तिकीट असेल तिथे जाऊ नकोस, तालीम असेल तिथे जा, आणि शिकवलं कुणी ते विचार. निघताना त्या बायकांनी मला देऊन टाकलेले ते चार चमचे अजून माझ्या ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत. पुढच्या दिवाळीला पानिपतला नेईन, असं करता करता कितीतरी दिवाळ्या गेल्या. पोस्टानं पाठवायचे नाहीत मला. आणि खरं सांगू? आमच्या कोळीनृत्यात तिसऱ्या पावलानंतर काय होतं ते मी विसरलेय, ते तिलाच विचारावं लागेल. टर्कीचं विमान दिल्लीहूनच धर. त्याआधी चार दिवस ये, वाकडी वाट करून पानिपतला जा, आईला गाडीत बसव. गुडघ्याचं कारण सांगेल, ऐकू नकोस, लिफ्ट आता चालते म्हणावं. दोघी या गं, लवकर या.