सात नंबरचं कपाट

ह्या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाल्ल्यावर वाचते, आणि खरं सांगते, बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते. करणी, दृष्टान्त, पायरव... ह्यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण गेल्या वर्षी जे घडलं ते ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहितेय.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या एका बोळात आमचं वाचनालय आहे. मी तिथे चौदा वर्षं ग्रंथपाल. रोज मोहोळहून एसटीने येते. लोकांना वाटतं ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी-घेणारी बाई. खरं काम असतं ते कुठलं पुस्तक कुठे ठेवायचं हे ठरवण्याचं. आमची पद्धत साधी आहे. पुस्तकाच्या पाठीवर लेबल, लेबलावर वर्गाचं अक्षर. 'का' म्हणजे कादंबरी, 'प्र' म्हणजे प्रवासवर्णन, 'आ' म्हणजे आरोग्य. अक्षरं सगळी माझ्याच हातची. अमुक पुस्तक चरित्र की कादंबरी, ह्यावरून वाचक माझ्याशी हुज्जत घालतात आणि मीही मागे हटत नाही.

एका मंगळवारी सकाळी सात नंबरच्या कपाटात, म्हणजे आरोग्याच्या पुस्तकांत, हिमालयातल्या भटकंतीचं एक पुस्तक दिसलं. घाईत चुकलं असेल म्हणून मी ते प्रवासवर्णनांत नेऊन ठेवलं. बुधवारी ते परत सात नंबरमध्ये. शेजारी आणखी एक, कोकण किनाऱ्यावरचं.

आमचे शिपाई मौलाचाचा. त्यांना विचारलं.

"मी हात लावलो नाही मॅडम," ते म्हणाले. "मला आरोग्याचं काय करायचंय?"

मला राग आला होता. दोन्ही पुस्तकं जागेवर ठेवली, सात नंबरला कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये टाकून घरी गेले. त्या कपाटाची दुसरी चावी नाही.

गुरुवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं... आत तीन प्रवासवर्णनं शेजारी शेजारी उभी होती. मी पहिलं बाहेर काढलं. पाठीवर 'प्र' नव्हतं. 'आ' होतं. तिन्हींवर 'आ'. काना जरा डावीकडे कलता, मी काढते तसाच.

मौलाचाचांनी वाकून लेबलं बघितली. "अक्षर तर तुमचंच हाय की मॅडम," ते हळूच म्हणाले.

हे मी लिहिलं नव्हतं. की लिहिलं होतं आणि आठवत नव्हतं? त्या सकाळी मला भुताची नाही, स्वतःचीच भीती वाटली. चौदा वर्षं ज्या डोक्यावर विसंबून काम केलं ते डोकंच फिरलं असेल तर?

काहीतरी धागा मिळेल म्हणून मी पुस्तकांतली कार्डं काढली. तिन्हींवर शेवटचा सभासद एकच — नरसय्या मामा. यंत्रमागावर आयुष्य गेलेले, सत्तरीचे गृहस्थ. फक्त प्रवासवर्णनं नेतात. मला वाटलं, लेबलं ह्यांनीच बदलली असणार. कुलपाचं काय, हा विचार मी मुद्दाम बाजूला ठेवला. कुणीतरी दोषी सापडायला हवा होता. रजिस्टरमधून पत्ता घेतला आणि दुपारी रिक्षा करून पूर्व भागातल्या त्यांच्या घरी गेले.

मामा दारातच बसले होते. मला बघून गडबडले. "मॅडम, तुमी? पुस्तकाची तारीख गेली का?"

"नाही. नेलेलं पुस्तक जरा बघायचं होतं."

आत त्यांची सून पद्मा ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी आधी पाठ बघितली. 'प्र'. व्यवस्थित. मला इतकं हलकं वाटलं की उठून निघणारच होते.

"हीच वाचते," मामा म्हणाले. "मी तेलुगू शाळेत शिकलो. मराठी बोलायला येतं, वाचायला जमत नाही. रोज दुपारी ही वाचते, मी ऐकतो. वाच की गं, मॅडमला पण ऐकू दे."

पद्मा लाजली, पण वाचू लागली. "उतरलं आणि समोर डोंगर दिसला..."

"काय उतरलं? विमान?" मामा हसले. "आठ दिवस झाले, असंच गाळून गाळून वाचतीय. कंटाळली बहुतेक."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. ओळ 'सकाळी धुकं'पासून सुरू होत होती. पुढच्या ओळीचेही पहिले दोन शब्द तिने सोडले. त्याच्या पुढच्याही. मी 'धुकं'वर बोट ठेवलं.

"हा शब्द वाच बरं."

"कुठला अक्का?"

बोट तिला दिसत नव्हतं. तिने मान डावीकडे वळवली तेव्हा कुठे दिसलं. तिच्या डाव्या दंडावर काळेनिळे डाग होते. विचारलं तर म्हणाली, दाराची चौकट लागते सारखी. डोकं दुखतं, पहाटे उलटी होते. "चष्मा लागला असेल. बघू सवडीनं."

मी डॉक्टर नाही. एरवी मीही चष्माच म्हटलं असतं. पण सकाळी ती पुस्तकं कुठल्या कपाटात उभी होती ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"सवडीनं नाही," मी म्हणाले. "आत्ता. श्रीनिवासला फोन लाव."

श्रीनिवास तिचा नवरा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तो आधी वैतागला, एवढी काय घाई म्हणाला. मी फोन घेतला आणि आयुष्यात कुणाशी बोलले नाही इतक्या चढ्या आवाजात त्याच्याशी बोलले. अर्ध्या तासात तो आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सरळ स्कॅन करायला पाठवलं. मेंदूत मागच्या बाजूला, उजवीकडे, जिथून डावीकडचं दिसतं तिथेच गाठ निघाली, भोवती सूज. आणखी थोडे दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं, असं मोठ्या डॉक्टरांनी श्रीनिवासला सांगितलं. शनिवारी ऑपरेशन झालं. आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर. मामा तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी म्हणत होते. पाच तास लागले.

गाठ साधी होती. पूर्ण निघाली. पद्मा आता बरी आहे. डाव्या बाजूचं अजून थोडं कमी दिसतं, पण ओळीखाली बोट धरून वाचते, सुरुवातीपासून.

मी त्या तिन्ही पुस्तकांना नवी लेबलं लावली आणि ती प्रवासवर्णनांत ठेवली. त्यानंतर ती हललेली नाहीत. भाचा डॉक्टर आहे, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तूच झोपेच्या तंद्रीत केलं असशील. असेल. पण पद्माचं नावसुद्धा मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पुस्तकं घरात कोण वाचतं, हेही माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी पद्मा डोक्याला रुमाल बांधून वाचनालयात आली. पेढे ठेवले आणि विचारलं, "अक्का, त्या दिवशी तुमाला कुणी सांगितलं होतं? मामंजी म्हणतात, देवानं पाठवलं."

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. नीट, समोर बघणारे डोळे. खरं काय ते मलाच कळलेलं नाही, तिला काय सांगणार?

"कुणी नाही गं," मी म्हणाले. "सहज आले होते."