दोन सदरे

नगरला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या महिन्यात काष्टीकडचा एक माणूस तीनदा आला आणि तिन्ही वेळा मशीनच्या आडोशाला सदरा बदलून गेला. माझं दुकान म्हणजे काय न्हाणीघर? पण रागापेक्षा मला कुतूहलच जास्त. नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

त्याची बायको वारलेली. तो दुधाच्या टेम्पोवर गेला असताना आठ वर्षांची पोरगी एकटी स्टँडवर सापडली, म्हणून बालकल्याण समितीने तिला बालगृहात ठेवलं होतं. मोफत वकिलाच्या अर्जाला त्याने उत्पन्नाचा दाखला झेरॉक्स केला, समितीसाठी घरातल्या पंख्याचे आणि धान्याच्या कोठीचे फोटो. अर्ज द्यायला जाताना विटका सदरा, समितीकडे जाताना इस्त्रीचा.

"हे कशाला?" शेवटी मी विचारलंच.

"फुकट वकील पायजे तर गरीब दिसाया लागतं, दादा. पोरगी पायजे तर तिला पोसनारा दिसाया लागतं. मानूस तर मी एकच हाय."

वकील मिळाला. समितीपुढच्या तारखेला तो इस्त्रीच्या सदऱ्यात निघाला, दारातून परत फिरला आणि विटकाच चढवला. त्याच्या खिशाचं बटण गुलाबी दोऱ्याने लावलेलं होतं, टाके वेडेवाकडे.

"अहो, वकील रागावतील," मी म्हणालो.

"रागवू द्या. आज पोरगी बी तिथं यनार हाय." त्याने बटणावरून अंगठा फिरवला. "तिनंच लावलंय. बाकीच्यांना कागद दावू. तिला ह्ये बटान बास हाय."