वायरचं पोट

कॅमेरे बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘पोटवाला’ म्हणत, आणि स्वतः तर नुसता काडीपैलवान! वायर जोडाच्या डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. त्या झोळाला तो पोट म्हणे. हाताखालच्या कुणी पोट सोडलं नाही, तर त्याची सालटी काढी.

त्याच्या ताईच्या दारावरचा कॅमेरा पावसात बंद पडला, तेव्हा तो शिडी घेऊन गेला. वर चढला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. वायर सरळ ताणलेली, जोडाला डबाच नाही, नुसती टेप गुंडाळलेली. आत पाणी, तांबं हिरवं पडलेलं. काम त्याचंच होतं. ‘घरचंच तर आहे, पुढे बघू,’ म्हणत उरकलेलं.

खाली ताई शिडी धरून उभी होती. “आमची भिंतच मेली ओलसर, तू तरी काय करणार?” मग काळजीने हळूच म्हणाली, “लोकांकडे नाही ना रे असं होत तुझं?”

“नाही गं, ताई,” तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणूनच त्याला शिडीवरून खाली उतरवेना.