कूलर एकदम साफ!

आमच्या घरात हिमरूची शाल मिळालेला सदस्य एकच, तो म्हणजे संगणक. त्याच्या उभ्या डब्याला मी माझी शाल न कापता, दुमडून, मापात टाचून घातली होती. वायरींपुरती फट, बाकी चारी बाजूंनी बंद. (ह्यांना अजून साधा लेंगा शिवला नाही!) मी सातवी पास, पण संगणक माझा मी शिकले. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीला हे पाठ आहे, कारण मीच सांगते.

त्या मे महिन्यात सून मनीषा शिक्षिकेच्या नोकरीचा अर्ज भरायला बसली. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. आणि संगणक दर दहा मिनिटांनी मान टाकायचा!

"आई, परत पहिल्यापासून! मी नेटकॅफेत जाऊन भरते."

"घरात मी असताना?" मी डब्याला हात लावला. तवा! "प्रोसेसर तापलाय ह्याचा," मी मोठ्यानं म्हणाले. (शब्द येत होता, तर शेजारी ऐकू जायला नको?)

दुरुस्तीवाल्या रशीदभाईंना फोन लावला. ते घाईत होते. "काकी, कूलर में कचरा बैठा होंगा. साफ करो पहले, मैं कल आता."

एवढंच ना! पदर खोचला, स्टुलावर चढले आणि खिडकीतला कूलर उघडला.

"आई, हा कूलर?" मनीषा म्हणाली.

"मग घरात दुसरा हाय का?"

बिचारीनं बादली आणून दिली. मी जाळ्या घासल्या, गवत झटकलं, टाकीत सहा बादल्या पाणी ओतलं, तोंड संगणकाकडं वळवलं आणि बटण दाबलं. आतून पाणी अन् गवत भस्सकन उडालं! पेपर वाचणाऱ्या ह्यांच्या टकलावर इतक्या वर्षांनी काहीतरी उगवलं!

"अगं, लई झालं, बंद कर!"

"शाल भिजंल माझी!" मी ओरडले, डब्यावरची शाल ओढून काढली आणि कपाटात ठेवली.

आणि काय सांगू, संगणक चालला की! पाचला वीस कमी असताना अर्ज गेला. मनीषानं मला मिठी मारली. संध्याकाळपर्यंत मी गल्लीत सांगून आले, "संगणक तापला? कूलर धुवा." दोघींनी धुतलेसुद्धा!

दुसऱ्या दिवशी शाल परत चढवली. दहा मिनिटांत संगणक आडवा! तेवढ्यात रशीदभाई आले.

"कूलर साफ किया?"

"एकदम साफ!" मी खिडकीकडं बोट दाखवलं.

रशीदभाईंनी खिडकीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग दोन बोटांनी शाल उचलली. "काकी, मई में इसको शाल किसने ओढाई?"

"जी सगळं स्वतः शिकली तिनं," हे म्हणाले.

रशीदभाईंनी डबा उघडला, आतला बशीएवढा पंखा दाखवला. "काकी, कूलर ये है."

"व्हय का," मी म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

निकाल लागेस्तोवर पुढचा मे उजाडला. पण मनीषाला नोकरी लागली! माझ्या घरातून, माझ्या संगणकावरून भरलेला अर्ज! मी शाल उसवली, अंगावर घेतली आणि भर दुपारी पेढे वाटत निघाले. तिसऱ्या दारात डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तर मी घरात, धुतलेल्या कूलरपुढं, आणि हे मनीषाला सांगत होते, "काही नाय झालं. हीपण दहाच मिनिटं चालते. शाल काढ आधी!"