कडक सोलचे बूट

माझी बायको धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. कॅन्सरची इंजेक्शनं संपली, केस परत आले, सगळे म्हणाले, सुटली. पण त्या औषधांनी तिच्या पायांतली जाणीव गेली ती गेलीच. सकाळी ती बरी चालायची. चार-पाच तास उभी राहिली, की डोलायला लागायची.

"पाय टेकला का नाही, तेच समजत नाही मले," ती म्हणायची. "पाहून पाहून चालावं लागते. थकली का मंग तेही होत नाही."

मी तिच्यासाठी मऊ गादीचे महागडे बूट आणले. ते घालून ती अजूनच डोलली. मग कोणीतरी पायाचं माप घेऊन बूट बनवणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला. त्याने आमच्या बुटाची गादी अंगठ्याने दाबून पाहिली.

"याच्यात पाय बुडते, भाऊ. बुडाल्यावर त्याले जमीन कशी समजन? वहिनीले पातळ, कडक अन् रुंद सोल पाह्यजे. टाच घट्ट धरणारा."

त्याच्याकडे कॉम्प्युटरला जोडलेली एक पाटी होती. तिच्यावर उभं राहिलं, की शरीर किती हलतं त्याची रेघ पडद्यावर उमटायची. त्याने बायकोला जिना चार वेळा चढ-उतार करायला लावलं आणि मग पाटीवर उभं केलं. रेघेचा पडदाभर गुंता झाला. नवे बूट तयार झाल्यावर पुन्हा तसंच केलं. या वेळी गुंता मुठीएवढाच झाला. मला इतका आनंद झाला, की तो पुढे काय बोलला तिकडे माझं लक्षच नव्हतं.

ती अर्ध्या ड्युटीवर रुजू झाली. दुपारी मी स्कूटरवर घ्यायला जायचो, तेव्हा ती सांगायची, "आज भिंत धरली नाही." दोन महिने असे गेले. मग दवाखान्यात माणसं कमी पडली आणि तिला पूर्ण ड्युटी करता का म्हणून विचारलं.

"करू का?" तिने मला विचारलं.

"कर ना. बूट आहेत आता," मी म्हणालो.

तिसऱ्याच दिवशी, संध्याकाळी, ती कुही गावाकडच्या एका म्हाताऱ्या पेशंट बाईला हात धरून बाथरूमकडे नेत होती. बायकोचा तोल गेला. दोघी पडल्या. बायकोला खरचटलं. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं.

बायकोने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मी रागाने बूटवाल्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं.

"तुमाले सांगतलं होतं, भाऊ. बुटानं दोन तास वाढतीन. थकवा नाही जात त्याच्यानं. थकली का बसवा म्हटलं होतं."

सांगितलं असेल. मी तेव्हा पडद्याकडे पाहत होतो.

ऑपरेशन होऊनही म्हातारी उठली नाही, असं कळलं. बायको म्हणाली, भेटायला जायचंच. आम्ही बसने तिच्या गावी गेलो. म्हातारी ओसरीत खाटेवर होती. कंबरेखाली तिचं शरीर पांघरुणात नसल्यासारखं वाटत होतं. सून चहा ठेवून लगेच आत गेली.

बायको पाया पडायला वाकली आणि तिथेच कलली. मी मागून दंड धरले.

"राहू दे वं बाई," म्हातारी म्हणाली. "तुलेच धरा लागते. तुले लागलं होतं का तवा?"

 परत येताना स्टँडवर बायको बाकावर बसली आणि म्हणाली, "ती रागावली असती, तर बरं झालं असतं."

पावसाळ्यात म्हातारी गेल्याचं समजलं. बायको आता घरातल्या घरात चालते, तेही सकाळीच. पायांतली जी जाणीव एवढ्या काळात परत आली नाही ती आता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. 'कर' मी म्हणालो होतो, हे तिने अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही.