दोन सभासदांचं मंडळ

माझ्या त्या मैत्रिणीइतकी मंडळं काढणारी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झाली नसेल, आणि प्रत्येक मंडळाची चिटणीस मीच असल्यामुळे माझ्याइतकी दमलेलीही कुणी झाली नसेल. ती वकिलाची मुलगी. माझी आई गिरणीच्या रिळखात्यात दिवसभर उभी राहायची. वडील गेल्यावर सांगोल्याकडची मेंढरं विकून आम्ही चाळीतल्या एका खोलीत आलो. भाकरीबरोबर चटणी असली की सण. त्या खोलीतून मी पुण्याच्या कॉलेजात पोचले, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवीत नाही.

कॉलेजात ही भेटली. दुसऱ्याच्या कशातही सामील होणं तिला उष्टं खाल्ल्यासारखं वाटे. वसतिगृहात भजनी मंडळ होतं, हिनं दुसरं काढलं. गाता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी. फिरायला जाणाऱ्या मुलींचा गट होता, म्हणून हिनं धावणाऱ्यांचा काढला, नऊवारीत दोन फर्लांग धावली आणि चपला हातात घेऊन टांग्यानं परतली. नियम ती सांगे, लिहायचे मी. "एकेचाळिसावा घाल, अध्यक्षांनी सभेत रागावू नये." तो तिनं पहिल्याच सभेत मोडला.

सुटीत सोलापूरला आलो की कॉलेजात शिकणाऱ्या इथल्या मुलींचं एक जुनं मंडळ भरे. माझा डोळा त्यांच्या कपाटावर होता. मी इतिहासवाली, मैत्रीण संस्कृतवाली. मला लागणारी सगळी पुस्तकं त्या कपाटात, आणि ती फक्त सभासदांना मिळत. पुस्तकं नाहीत तर परीक्षा नाही, इतकं ते सरळ होतं. रिवाज असा की नव्या मुलीनं सगळ्यांना आपल्या घरी फराळाला बोलवायचं. मैत्रिणीला सोबत घेऊन मी आमंत्रण द्यायला गेले. अध्यक्षीणबाई गोड हसल्या. "अगं, आईला कशाला त्रास? आमच्याच ओसरीवर कर. फराळही आमच्या काकूच करतील."

मला समजायचं ते समजलं. तरी पुस्तकांपायी मी हो म्हणणार होते. तेवढ्यात मैत्रीण उठली. "चल गं. आपण नवं काढू."

नव्या मंडळाची पहिली सभा आमच्या खोलीत झाली. सभासद दोन. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली.

"व्हय वो वकीलबाई, दोगींचंच मंडळ का तुमचं?"

"मावशी, तिसऱ्या तुम्ही व्हा."

"म्या? मला सही करता येत न्हाय की!"

"मग तो नियम बदलू."

माझा धीर सुटला. "नियम बदलशील गं, माझ्या पुस्तकांचं काय?"

ती तशीच ताटावरून उठली. हात धुऊन गेली ती आठ दिवस फिरकली नाही.

नवव्या दिवशी वैशाखाच्या भर उन्हात दारात उभी. पदराखाली इतिहासाची तीन जाडजूड पुस्तकं.

"गेले मी त्यांच्यात," ती खाली बघत म्हणाली. "फराळ घातला. त्यांची गाणी ऐकली. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

मग तिनं माझ्या हातात एक कागद दिला. आमच्या मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा. कारण: पुस्तके. चिटणिसांनी मंजूर करावा, ही विनंती.

त्या सुटीत आणि पुढच्याही सुटीत ती पुस्तकं आणत राहिली. शेवटच्या परीक्षेआधी तिचं लग्न झालं, कॉलेज सुटलं. लांबच्या गावाहून पत्रं यायची, इथे आता काय काढावं असा विचार चाललाय म्हणून. पुढे तीही थांबली. तिचा राजीनामा माझ्या पेटीत आहे. मी तो मंजूर केलेला नाही.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. आमच्या चाळीतली पहिली.