लाकडांच्या खोलीतली मालकीण

माझ्या आत्याचं घर दरीत, नदीच्या अगदी उशाला. आतोबा वीजखात्यात खांबांवर चढून तारा ओढायचे आणि आत्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. कोणती गाडी लागली, कोणती रद्द झाली, कुणाचं पोर हरवलं, सगळं ती भोंग्यावरून सांगायची. आवाज असा खणखणीत, की भोंगा बंद पडला तरी प्रवाशांना पत्ता लागत नसे. घर त्या दोघांनी जमेल तसं बांधत नेलं. त्यामुळे एका खोलीचं दुसरीशी फारसं पटत नव्हतं, पण घर स्वतःचं होतं.

दोघं निवृत्त झाली आणि शहरातला माझा आतेभाऊ नोकरी सोडून परत आला. नोकरी त्यानं सोडली की नोकरीनं त्याला, हे आम्ही नातेवाईक त्याच्या पाठीमागेच बोलायचो. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून येताना तो एक कल्पना घेऊन आला.

"आई, शहरातली माणसं डोंगर बघायला तडफडतात. आपण घर भाड्यानं देऊ. हॉलिडे कॉटेज!"

"आणि आम्ही कुठे राहायचं?"

"मागे लाकडांची खोली आहे ना! थोडे दिवसच गं."

स्वतः तो बायकोला घेऊन बाजारपेठेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिला. धंद्याला नेटवर्क लागतं म्हणे.

मग घराचं रूप पालटलं. स्टीलचं कपाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टीव्ही मागच्या खोलीत गेले. भिंतींचा गुळगुळीत गिलावा मिस्त्री लावून खरवडून घेतला. जुन्या बाजारातून नांगर आणून दर्शनी भिंतीवर टांगला. आमच्या सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावलेला नाही, पण भिंतीला ते काय माहीत! जाहिरात झळकली: 'नदीच्या कुशीतलं दीडशे वर्षांचं पुरातन घर.'

आतोबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अरे, याचा स्लॅब टाकला तेव्हा तू पहिलीत होतास."

"बाबा, भावना समजून घ्या."

भावना समजून घेण्यात आतोबा तरबेज निघाले. मुलानं त्यांना लोकरीची टोपी आणि काठी दिली आणि पायरीवर बसवलं. सुरुवातीला ते अवघडले, मग चांगलेच रंगले. नदीतला मोठा धोंडा एका राक्षसानं बायकोवर चिडून भिरकावला, अशी कथा त्यांनी रचली. धोंडा खरं तर रस्त्याच्या ठेकेदारानं टाकलेला. पण ठेकेदाराबरोबर फोटो कोण काढून घेणार? पाहुणे राक्षसावर खूश होते.

आत्याच्या वाट्याला मात्र मौन आलं. "लोक शांततेसाठी येतात, आई. तू दिसलीस तर नुसती हस. बोलू नकोस." आत्या हसायला लागली. एका पाहुण्यानं इंटरनेटवर लिहिलं, 'मागे एक गोड आजी राहतात. बिचाऱ्यांना बोलता येत नसावं.' आतेभावानं ते मोठ्या कौतुकानं आईला वाचून दाखवलं. जन्मभर बोलून पोट भरलेली बाई. ती उठून चुलीवरचं आधण बघायला गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर एक साहेब सपत्नीक आले. कुठल्याशा कंपनीत फार मोठे होते. मनःशांती हवी होती, त्यामुळे फोन कानावरून खाली येत नव्हता. घरात रेंज नाही म्हटल्यावर त्यांनी नदीच्या पात्रातला तो राक्षसाचा धोंडा शोधून काढला. तिथे रेंज मिळायची. दुपारी ते त्यावर उभे राहून कुणाला तरी झापत होते.

आत्या मागच्या पायरीवर मटार सोलत होती. आपल्याकडे ऊन होतं, पण वरच्या डोंगरावर काळंकुट्ट झालेलं. नितळ पाणी बघता बघता गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला. आत्याच्या हातातला मटार हातातच राहिला. साहेबांची पाठ नदीच्या वरच्या अंगाला. आतोबांनी "अहो साहेब, अहो" करत काठी हलवली. साहेबांना वाटलं, म्हातारा फोटोसाठी बोलावतोय. त्यांनी हातानंच 'नंतर' म्हणून सांगितलं.

तेव्हा आत्या उठली, तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण केला आणि एवढे दिवस कोंडलेला आवाज सोडला.

"लक्ष द्या! लक्ष द्या! पात्रातल्या प्रवाशांनी ताबडतोब काठावर यावं! ता-ब-ड-तो-ब!"

समोरच्या उतारावरच्या शेळ्यासुद्धा चार पावलं मागे सरल्या म्हणतात. साहेब दचकले. फोन पाण्यात आणि ते काठाकडे. गुडघाभर पाण्यातून कसेबसे बाहेर आले आणि मागे वळून बघतात तो धोंडा गायब. त्याच्यावरून तांबडा लोंढा धडधडत चालला होता.

आत्यानं त्यांना टॉवेल दिला, चहा दिला. साहेब म्हणाले, "फोन सापडेल का?" त्यांची बायको मात्र आत्याचा हात धरून हमसून हमसून रडली. तो हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

साहेब घरी पोचले आणि अभिप्राय आला. 'निसर्ग उत्तम. नांगर अप्रतिम. मात्र मालकीणबाई फार ओरडतात. दोन स्टार.'

आतेभाऊ धावत आला. "आई, दोनच स्टार! अगं, काय केलंस हे?"

"जीव वाचला त्याचा."

"ते खरं गं. पण जरा हळू नसतं का सांगता आलं?"

 आत्या मला पुढे म्हणाली, "त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, उद्या मी पाण्यात पडले तर हा आधी काय वाचवील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वळकटी काखेत मारली आणि पुढच्या दारानं स्वतःच्या घरात शिरली. आतोबांनी आणि तिनं मिळून स्टीलचं कपाट ढकलत पुन्हा जागेवर लावलं. नांगर काढून अंगणात ठेवला. मुलगा दारात डोकं धरून उभा.

"आई, उद्या माणसं येताहेत!"

"येऊ देत की. मागची खोली झाडून ठेवलीये."

आतेभाऊ दोन दिवस रुसला. मग धंदेवाईक माणूस, त्यानं जाहिरात बदलली: 'लाकूडतोड्याची मूळ झोपडी. फक्त दोघांसाठी. अस्सल.' आणि काय सांगावं, लोकांच्या उड्या पडल्या. छप्पर गळलं की पाहुण्यांना निसर्ग जवळ आल्यासारखा वाटतो. ठेंगण्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलेल्या एकानं लिहिलं, 'नम्रता शिकवणारा दरवाजा.' टेंगळाबद्दल पाच स्टार!

पुढच्या हंगामात साहेबांची बायको एकटीच आली. तिनं मागची खोली घेतली खरी, पण दिवसभर बसायची आत्याच्या स्वयंपाकघरात. भाजी निवडायची, आणि आत्या बोलायची ते सगळं ऐकायची. मग हळूहळू तीही बोलायला लागली. काय बोलायची, ते आत्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासात आत्यानं पोटात ठेवलेली ही एवढी एकच गोष्ट.

आता ती दरवर्षी येते. आत्या तिला 'माझी मैत्रीण' म्हणते. आतेभाऊ 'रिपीट कस्टमर' म्हणतो.